एवढासा पोर्तुगाल, एवढा मोठा दर्या: ते इथे आले, मग आपण तिकडे का गेलो नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेत शिकवतात की १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला आणि म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्गे भारताकडे निघाले. पण जेमतेम दहा-बारा लाख वस्तीच्या पोर्तुगालने एवढ्या लांबून येऊन आपल्या समुद्रावर शे-सव्वाशे वर्षं दादागिरी कशी केली? आपल्याकडे दर्यावर्दी नव्हते का? असतील, तर आपली जहाजं लिस्बनला का गेली नाहीत? आणि जाता जाता: मराठ्यांनी वसई घेतली, मग गोवा का राहिला?

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. व्यापारी जहाजावर कॅडेट म्हणून चढलो आणि कॅप्टन म्हणून उतरलो. मधल्या काळात केप ऑफ गुड होपला वळसे घातले आणि वॉच संपल्यावर जुन्या सफरींची वर्णनं वाचायचा नाद लागला. त्यामुळे माझं उत्तर वारा, पाणी आणि जहाज यांच्या बाजूने येणार. धर्मवेड, राजघराण्यांची भांडणं, पोपची फर्मानं हे सगळं होतंच, त्यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. आणि दर्यावर्दी म्हणून कोण सरस, याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. ते तुम्ही कुठल्या समुद्राबद्दल आणि कुठल्या महिन्याबद्दल विचारता यावर आहे.

आधी ते १४५३ बाजूला ठेवू. पोर्तुगीजांनी मोरोक्कोतलं सेउता घेतलं १४१५ मध्ये. १४३४ मध्ये जिल इयानिश सहारासमोरच्या केप बोजादोरच्या पुढे गेला. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या कितीतरी आधी ही मंडळी आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली सरकू लागली होती. शिवाय मिरी काही थांबली नव्हती. ती तांबड्या समुद्रातून कैरोला, तिथून अलेक्झांड्रियाला आणि पुढे व्हेनिसला नेमाने जात होती. तो इजिप्त तुर्कांच्या हातात आला १५१७ मध्ये, गामा कालिकतला पोचल्यावर १९ वर्षांनी. पोर्तुगालचं दुखणं वेगळं होतं: त्या रस्त्यावरचा नफा मधल्या सगळ्यांना मिळत होता, त्यांना नाही. सुरुवातीला तर भारत त्यांच्या डोक्यातही नव्हता. हवं होतं पश्चिम आफ्रिकेचं सोनं, आणि लवकरच माणसं. १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागुश बंदरावर २३५ गुलाम उतरवून त्यांची उघड्यावर वाटणी झाली. १४८२ मध्ये गिनीच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला उभा राहिला. पुढच्या सफरींना लागणारा पैसा बराचसा या सोन्या-गुलामांच्या धंद्यातून आला. 'शोधांचं युग' म्हणताना हे आपण सहसा गाळतो.

आता वाऱ्याकडे येऊ, कारण पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

पोर्तुगालच्या खाली, कॅनरी बेटांच्या आसपास, वारा जवळजवळ वर्षभर ईशान्येकडून येतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो, मजा असते. परतताना तोच तोंडावर. शिडाचं जहाज वाऱ्याच्या तोंडात सरळ जाऊ शकत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी चढत जावं लागतं, त्यात प्रवाहही उलटा असला तर दिवसभर झगडून संध्याकाळी कालचाच डोंगर समोर. पोर्तुगीजांनी यावर काढलेली तोड ऐकायला वेड्यासारखी आहे: घरी जायचंय ना, मग किनारा सोडा आणि वायव्येला, उघड्या अटलांटिकमध्ये घुसा. अझोर्स बेटांच्या अक्षांशापर्यंत चढलात की पश्चिमेकडून वाहणारे वारे मिळतात. मग उजवीकडे वळून थेट लिस्बन. याला ते 'व्होल्टा दो मार' म्हणत. दोन-तीन पिढ्या हे करता करता त्यांच्या तांडेलांच्या अंगात एक गोष्ट मुरली: किनारा दिसत नसला तरी घाबरायचं नाही, वारा कुठल्या अक्षांशावर कुठे वाहतो ते ठाऊक असेल तर लांबचा रस्ताच जवळचा.

वास्को द गामा ८ जुलै १४९७ ला चार जहाजं आणि साधारण १७० माणसं घेऊन निघाला तेव्हा त्याने हीच युक्ती विषुववृत्ताच्या खाली उलटी करून वापरली. आफ्रिकेचा किनारा धरून न जाता केप व्हर्द बेटांवरून ३ ऑगस्टला निघून तो दक्षिण अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे मोठा फेरा मारत खाली गेला, तिथले पश्चिमी वारे पकडले आणि ४ नोव्हेंबरला आफ्रिकेच्या टोकाजवळची जमीन पाहिली. तीन महिने डोळ्यांना जमीन नाही. तुलनेसाठी: कोलंबस १४९२ मध्ये कॅनरीपासून बहामापर्यंत पोचला ३६ दिवसांत, आणि तेवढ्यात त्याचे खलाशी बिथरायला आले होते. मला विचाराल तर दर्यावर्दीपण म्हणून गामाचा तो फेरा कोलंबसापेक्षा कितीतरी मोठा. स्पॅनिशांना पॅसिफिकमध्ये हीच किल्ली सापडायला १५६५ उजाडलं. फिलिपिन्सकडे जाता येत होतं, पण अमेरिकेकडे परतता येत नव्हतं. शेवटी उर्दानेता उत्तरेला खूप वर चढून पश्चिमी वाऱ्यांवर परत आला. त्यानंतर मनिला ते अकापुल्को हा जहाजांचा रस्ता १८१५ पर्यंत चालू होता. त्या काळच्या साम्राज्यांचे नकाशे आणि वाऱ्यांचे नकाशे एकावर एक ठेवून पाहा, बरंचसं आपोआप समजतं.

पण जमीन दिसत नसताना आपण कुठे आहोत हे कळायचं कसं? विषुववृत्ताच्या वर ध्रुवतारा असतो. त्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे जवळजवळ तुमचा अक्षांश. विषुववृत्त ओलांडलं की ध्रुवतारा क्षितिजाखाली जातो आणि ती सोय संपते. मग उरतो मध्यान्हीचा सूर्य. आम्हालाही कॅडेट असताना सेक्स्टंट हातात देऊन हेच घोटून घेतलं जायचं. रत्नागिरीचा अक्षांश साधारण १७ अंश. २१ मार्चच्या आसपास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी मध्यान्हीला रत्नागिरीसमोर बोटीवरून सूर्याची उंची मोजली तर ७३ अंश भरेल. ९० मधून ७३ वजा, उरले १७. बाकीच्या दिवशी सूर्य वर किंवा खाली सरकलेला असतो, म्हणून रोजच्या सरकण्याचा तक्ता लागतो. तो पोर्तुगीजांना मिळाला अब्राहम झाकुतो या ज्यू खगोलज्ञाच्या गणितावरून. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हाकललं तेव्हा तो पोर्तुगालला आला होता. पुढे गामाला पाठवणाऱ्या मानुएल राजानेच ज्यूंपुढे 'धर्म बदला नाहीतर चालते व्हा' असं ठेवलं आणि झाकुतो ट्यूनिसला निघून गेला. त्याच्या आकड्यांवर जहाजं मात्र चालत राहिली.

यातही मेख होती. डुलत्या डेकवर लोंबणाऱ्या अ‍ॅस्ट्रोलॅबने, म्हणजे उंची मोजायच्या चकतीने, सूर्य मोजणं महाकठीण. एका अंशाची चूक म्हणजे ६० सागरी मैल. म्हणून गामाने त्या तीन महिन्यांनंतर जमीन दिसताच पहिलं काम काय केलं, तर मोठा लाकडी अ‍ॅस्ट्रोलॅब किनाऱ्यावर उतरवून, तिकाटण्यावर टांगून, स्थिर जमिनीवर सूर्य घेतला. हे वाचलं तेव्हा मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा आपलेपणा वाटला. आपण नक्की कुठे आहोत ही रुखरुख कुठल्याही शतकातल्या नाविकाला कळते.

केप ओलांडल्यावर त्याला अगुल्हास प्रवाहाने धरलं. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने हा प्रवाह नैर्ऋत्येकडे जोरात वाहतो, काही ठिकाणी ताशी चार-पाच मैलांनी. आजही नैर्ऋत्येचं वादळ या प्रवाहाच्या समोर आलं की तिथे उभ्या भिंतीसारख्या लाटा उठतात. मोठ्या टँकरचा पुढचा भाग पाण्याखाली जाताना मी पाहिलाय. डिसेंबर १४९७ मध्ये गामाची जहाजं पुढे निघाली होती ती या प्रवाहाने मागे ओढली आणि पहिल्यांदा केप ओलांडणारा पोर्तुगीज बार्तोलोमेउ दियाश १४८८ मध्ये ज्या टापूतून परतला होता तिथेच परत आणून सोडली. जोराचा पाठवारा मिळाला तेव्हा सुटका.

आणि इथून पुढे चित्र पालटतं. मोझांबिक, मोंबासा, मालिंदी ही बंदरं म्हणजे अनोळखी जंगल नव्हतं. तिथे अरब आणि गुजराती जहाजं नांगर टाकून उभी होती, कापड, मणी, मसाले यांचा बाजार होता. गामा आता दुसऱ्याच्या घरात शिरत होता. मालिंदीच्या राजाने त्याला वाटाड्या दिला. काही जुन्या पोर्तुगीज वृत्तांतांत तो गुजराती मुसलमान होता असं म्हटलंय. त्यातल्या एकात असंही आहे की त्याला अ‍ॅस्ट्रोलॅब दाखवला तर त्याला काही नवल वाटलं नाही. तो प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद होता ही कथा अजून फिरते, पण अभ्यासक ती मानत नाहीत.

आता दोन प्रवास शेजारी ठेवा, कारण सगळ्या वादाचा निकाल मला यात दिसतो. मालिंदीहून २४ एप्रिल १४९८ ला निघाले, पाठीशी नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याची सुरुवात, सुकाणूपाशी जाणकार माणूस: १८ मे रोजी मलबारचा डोंगर दिसला, २० ला कालिकत. तेवीस-चोवीस दिवस. परतीला गामाचं कालिकतच्या राजाशी, सामुरीशी, बिनसलेलं, घाई झालेली. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून तो ५ ऑक्टोबरला निघाला. ईशान्येचा वारा अजून धरलेला नव्हता. ऑक्टोबरमध्ये आपल्या समुद्रात कसं असतं ते कोकणातल्या कुठल्याही नाखव्याने सांगितलं असतं: पावसाळी वारा गेलेला, हिवाळी वारा आलेला नाही, कधी पडतं तर कधी उलटं सुटतं. तोच समुद्र ओलांडायला त्याला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून दात पडले, सुमारे ३० माणसं मेली, आणि पुढे 'साव राफाएल' चालवायला माणसं उरली नाहीत म्हणून ते जहाज जाळावं लागलं. लिस्बनला परत पोचली ती निघालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश. अटलांटिकमधला उस्ताद आपल्या समुद्रात नवशिका होता.

तेव्हा 'आपल्याकडे दर्यावर्दी नव्हते का' याचं उत्तर: होते, आणि आपल्या पाण्यात त्यांच्यापेक्षा चांगले होते. चौल, दाभोळ, खंबायत, कालिकतची जहाजं एडन, होर्मुझ, पूर्व आफ्रिका, मलाक्का इथे पिढ्यान्‌पिढ्या जात होती. 'कमाल' नावाची लाकडी फळी आणि गाठी मारलेली दोरी एवढ्यावर ते ध्रुवताऱ्याची उंची मोजत. गाठ दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची, वरच्या कडेला तारा आला की हव्या त्या बंदराचा अक्षांश. साधं, स्वस्त, डुलत्या होडीवरही चालणारं.

मग लिस्बनला का नाही गेले? कारण मोसमी वारे म्हणजे परतीच्या तिकिटासकट मिळणारा प्रवास. हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर जा, माल विका, पावसाळ्याच्या तोंडाशी नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परत या. ज्याला हे मिळालंय त्याला उघड्या महासागरात तीन महिने फेरा मारायची विद्या शिकायचं कारण काय? मोझांबिकच्या खाली, सोफालाच्या पुढे, मोसमी वाऱ्याची खात्री संपते आणि अगुल्हास तुम्हाला खाली ओढून नेतो. तिकडे विकत घ्यायला काही नाही, परतायची हमी नाही. दुसरी गोष्ट मालाची. मिरी आपल्याकडे, कापड आपल्याकडे, आणि गिऱ्हाईक स्वतःहून दाराशी येतंय. गामाने सामुरीसाठी आणलेला नजराणा पाहा: पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे बारा तुकडे, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल, मध. दरबारचे लोक हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो, असं त्याला तोंडावर सांगितलं. युरोपकडे आपल्याला विकण्यासारखं सोन्या-चांदीखेरीज फारसं काही नव्हतं, तेव्हा लिस्बनला जाऊन आणणार काय?

चीनचं उदाहरणही इथे कामाचं आहे. १४०५ ते १४३३ या काळात झेंग ह याचे प्रचंड काफिले कालिकतला आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत आले. जहाजं होती, माणसं होती, पैसा होता. पण दरबाराचं मन बदललं आणि सगळं थांबलं. नुसतं जमत असून भागत नाही, कुणाला तरी त्याची गरज असावी लागते आणि कुणीतरी दरसाल खर्च करावा लागतो. पोर्तुगालमध्ये तो खर्च राजा स्वतः करत होता, कारण मिरीचा व्यापार त्याच्याच मालकीचा होता.

आता दादागिरीकडे येतो. विकायला माल नाही, तर मग काय आणलं? तोफा. आपल्या किनाऱ्यावरची बरीच जहाजं काथ्याने शिवलेली असत. हा अडाणीपणा मुळीच नव्हता. शिवलेलं जहाज लवचिक असतं, पुळणीवर आपटलं तरी फुटत नाही, दुरुस्त करायला सोपं. पण जड तोफ डागली की मागे जो दणका बसतो तो सोसायला खिळ्यांनी ठोकलेलं जाड लाकडी पोट लागतं, आणि अटलांटिकच्या लाटांसाठी पोर्तुगीजांनी तसंच बांधलं होतं. तरीही ते अजिंक्य नव्हते. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तचं आरमार आणि दीवचा मलिक अय्याझ यांनी मिळून त्यांना हरवलं. व्हाइसरॉय अल्मेदाचा मुलगा लोरेन्सो तिथेच पडला. बापाने ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवसमोर सूड उगवला आणि त्यानंतर खुल्या समुद्रात त्यांच्यासमोर उभं राहील असं मोठं आरमार बराच काळ कुणी पाठवलं नाही. विजयनगर काय, बहमनींचे वारस काय, सगळ्यांचा महसूल जमिनीतून येत होता. समुद्रावर व्यापाऱ्याला लुटलं तर ते व्यापाऱ्याचं नुकसान. त्यासाठी गलबतं बांधून तोफा ओतत बसण्याएवढं ते राजाला झोंबत नव्हतं. माझ्या मते पोर्तुगीजांना सगळ्यात मोठी मोकळीक इथे मिळाली.

या मोकळिकीवर त्यांनी 'कार्ताझ' बसवला. हा एक कागद. त्यावर जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, कुठून कुठे, हत्यारं किती, कुठला माल न्यायला मनाई. कागदाची फी किरकोळ; खरी मेख ही की पोर्तुगीजांच्या बंदरात थांबून जकात भरायची. कागद नसेल तर जहाज जप्त. मोबदल्यात काय मिळायचं? कागद देणाऱ्यापासून संरक्षण! याला लोक हसतात, पण मी हसत नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा मालकांनी काय केलं? युद्धजोखमीच्या विम्याचा हप्ता आणि केपच्या वळशाचं इंधन यांची तुलना केली आणि ज्यात कमी पैसे जातील ते निवडलं. बहुतेकांनी केप धरला. सोळाव्या शतकातल्या गुजराती शेठजीने हाच हिशोब मांडला. जहाज गमावण्यापेक्षा जकात स्वस्त, मग टाका कागद पेटीत. अकबराच्या जहाजांनीही हे परवाने घेतले. म्हणून माणसं मूठभर असूनही व्यवस्था चालली. प्रत्येक जहाजाच्या मागे पोर्तुगीज जहाज लावायची गरज नव्हती, काहींना उदाहरण म्हणून जाळलं की पुरे. १५०२ मध्ये गामाने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं 'मिरी' नावाचं जहाज बायकामुलांसह जाळलं ते याच हिशोबात. पण हिशोब उलटायचाही. १६१३ मध्ये त्यांनी जहांगीरच्या आईचं 'रहिमी' हे जहाज पकडलं, परवाना असूनही. बादशहाने त्यांचा सुरतचा व्यापार बंद केला आणि दमणवर फौज पाठवली.

या व्यवस्थेला भोकंही होती. पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का आणि १५१५ मध्ये होर्मुझ घेतलं, पण १५१३ मध्ये एडनला तो आपटला. तांबड्या समुद्राचं तोंड उघडं राहिलं आणि सोळाव्या शतकाच्या मध्याला मिरी पुन्हा त्याच जुन्या वाटेने व्हेनिसला जाऊ लागली.

गोव्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण या सत्तेचं बळ आणि मर्यादा दोन्ही तिथे एकाच नदीत दिसतात. १५१० च्या सुरुवातीला होनावरच्या तिमोजीच्या मदतीने अल्बुकर्कने गोवा फारसं न लढता घेतलं. मे महिन्यात आदिलशहाची फौज आली. मेच्या अखेरीस पोर्तुगीज शहर सोडून जहाजांवर चढले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बाहेर पडता येत नाही. मांडवीच्या मुखाशी, आज जिथे आग्वादचा किल्ला आहे त्याच्या खाली, वाळूचा दांडा आहे. जूनमध्ये समुद्र तिथे असा फुटतो की जड जहाज बाहेर काढणं म्हणजे ते वाळूवर नेऊन टाकणं. (इंजिन असलं तरी या किनाऱ्याशी पावसाळ्यात मस्ती चालत नाही, जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' शेजारच्या कांदोळीला वाळूत रुतलं ते वर्षानुवर्षं तिथेच पडून होतं.) तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत सगळा काफिला नदीत अडकून. काठावरून तोफांचा मारा, वर पाऊस, अन्न संपत आलेलं. उंदीर आणि पेट्यांवरचं चामडंसुद्धा उकडून खाल्ल्याचं वर्णन आहे. जगातलं सगळ्यात बलाढ्य आरमार आणि त्याला एका वाळूच्या दांड्याने अडीच महिने कोंडून ठेवलं. पावसाळा सरला, ते सुटले, २५ नोव्हेंबरला परत येऊन शहर घेतलं आणि तिथल्या मुसलमानांची कत्तल केली.

त्यातून ते शिकले. यापुढे त्यांची ठाणी कुठे आहेत पाहा: रेवदंडा, कोर्लई, वसई, दमण, दीव. प्रत्येक जागा खाडीच्या मुखाशी, बेटावर किंवा भूशिरावर. १५७०-७१ मध्ये आदिलशहाने गोव्याला आणि निजामशहाने चौलला एकाच वेळी वेढा घातला. दोन मोठ्या फौजा, महिनोन्‌महिने. दोन्ही जागा टिकल्या, कारण समुद्राच्या बाजूने रसद येत राहिली. पण त्याच पोर्तुगीजांना सह्याद्रीचा एक घाट चढून वर येणं कधी जमलं नाही. अमेरिकेत त्यांनी आणि स्पॅनिशांनी अख्खे देश गिळले, कारण तिथे देवीसारख्या रोगांनी आधीच माणसं संपवली होती आणि मग उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसं नेली. सगळ्या युरोपीय देशांनी मिळून अटलांटिकपार जायला जहाजांवर चढवलेल्या आफ्रिकी लोकांचा अंदाज सव्वा कोटीचा आहे. आशियात ना रोग त्यांच्या बाजूने, ना संख्या.

डच आणि इंग्रज आले ते पोर्तुगीजांचंच गुपित घेऊन. गोव्याच्या आर्चबिशपकडे चिटणीस म्हणून राहिलेला लिन्स्कोटेन नावाचा डच माणूस मायदेशी परतला आणि १५९५-९६ मध्ये त्याने पोर्तुगीजांचे सागरी मार्ग छापून टाकले. १६०० मध्ये इंग्रजांची, १६०२ मध्ये डचांची कंपनी. राजाच्या तिजोरीऐवजी भागधारकांचा पैसा, त्यामुळे एखादा हंगाम बुडाला तरी धंदा बसत नव्हता. १६११ मध्ये ब्राउवर या डच कप्तानाने आणखी एक कमाल केली: केपनंतर किनाऱ्याने वर न जाता चाळीस अंश दक्षिणेच्या सोसाट्याच्या वाऱ्यात पूर्वेला धावायचं आणि मग वर वळून थेट जावाला जायचं. भारताला न शिवता मसाल्याच्या बेटांवर. १६२२ मध्ये होर्मुझ गेलं, १६४१ मध्ये मलाक्का, १६५० मध्ये मस्कत, १६६३ मध्ये कोचीन. मुंबई तर १६६१ च्या लग्नाच्या तहात इंग्रज राजाला आंदण गेली आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीकडे आली. इंग्रजांनी पुढे जे केलं त्याचं इंधन बंगालचा शेतसारा होतं, तो वेगळा विषय.

राहिला शेवटचा प्रश्न, गोव्याचा. प्रयत्न झाला नाही असं नाही. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोवा शहराला लागून असलेलं जुवे बेट घेतलं. परत घ्यायला आलेल्या व्हाइसरॉयचा पराभव झाला, तो स्वतः जखमी झाला. शहर वाचलं ते मोगल शहजादा शाहआलमची फौज घाट उतरून खाली येत असल्याची बातमी आली म्हणून. १७३९ च्या मेमध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा गोव्यातल्या साष्टीतही मराठी फौजा होत्या. तह झाला, उत्तरेचा मुलूख मिळाला, गोवा राहिला. मराठी आरमार आपल्या जागी जबरदस्त होतं. कान्होजी आंग्र्यांनी तर पोर्तुगीजांचाच डाव उलटवून स्वतःचे परवाने द्यायला सुरुवात केली, आणि १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज दोघांनी मिळून कुलाब्यावर केलेला हल्ला फसला. पण गुराब आणि गलबतं ही खाडी-किनाऱ्याची लढाऊ जहाजं. मतलई वाऱ्यावर पहाटे बाहेर पडायचं, उथळ पाण्यात शत्रूच्या मोठ्या जहाजाला गाठायचं, संध्याकाळी खाडीत आत. लिस्बनचा काफिला मार्च-एप्रिलमध्ये निघून सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यापाशी पोचायचा, म्हणजे नारळी पौर्णिमा होऊन आपली गलबतं नुकती पाण्यात उतरत असताना, आणि खोल समुद्रातून. तो अडवायचा तर आग्वादसमोर, उघड्या पाण्यात, आठवडेच्या आठवडे ठाण मांडून राहतील अशी जहाजं हवी होती. तशी बांधण्याइतका पैसा आणि वेळ, समोर मोगल आणि बाजूला सिद्दी असताना, कुणाला मिळाला नाही.